ठमीनं कळवलं होतं

धाकटा आला तेव्हा अण्णांना जाऊन पाच दिवस झाले होते. दुपारचे दोन वाजले होते. वहिनींनी दार उघडलं, अकरा वर्षांनी समोर उभ्या राहिलेल्या दिराकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "बूट आतच काढा भावजी, बाहेर ओलं आहे." म्हणून झाल्यावर त्यांनाच कसंतरी झालं.

त्यानं बूट काढले. हातात एकच बॅग होती. पँट गुडघ्यांवर झिजून पांढरी पडली होती. लाद्या बसवणाऱ्या माणसाचे गुडघे ते. जुन्या गावी हाच माणूस कडक इस्त्रीचे कपडे घालून अण्णांच्या ऑफिसात नकाशे काढायचा.

हे घर त्यानं कधी पाहिलं नव्हतं. भिंतीच्या त्या प्रकरणानंतर तो एका देशात निघून गेला आणि दोन वर्षांनी दादा बायकोला, मुलगी ठमीला नि आई-अण्णांना घेऊन या दुसऱ्या देशात आला. दोन्हीकडे इंग्रजी बोलतात, एवढंच काय ते दोघांत सारखं.

आई जेवणाच्या टेबलाशी बसून अण्णांच्या शर्टांच्या घड्या घालत होती. तिनं मान वर केली, पण उठली नाही.

"आलास," ती म्हणाली.

"वहिनींचा फोन आला तसा निघालो. तीन विमानं बदलली, मध्ये एक चुकलं. आई..."

"जेवलास?"

"आई, मला कोणी सांगितलं का नाही?"

दादा ओट्याशी कप धूत उभा होता. दातांच्या कवळ्या बनवण्याचं त्याचं काम. नखांत कायम गुलाबी भुकटी बसलेली. त्यानं नळ बंद केला आणि हात न पुसता वळला.

"पुन्हा म्हण."

"अण्णा इतके आजारी होते आणि मला कोणी एका शब्दानं कळवलं नाही. मी काय मेलो होतो?"

"अहो, आत्ताच आलेत ते," वहिनी मध्ये पडल्या. "बसू तर द्या त्यांना."

"तू थांब." दादा दोन पावलं पुढं आला. "तुला कळवलं नाही? ठमीनं कळवलं होतं. सात आठवड्यांपूर्वी. ऑपरेशन व्हायचं होतं तेव्हा. आणि तू काय उत्तर दिलंस ते मला पाठ आहे. म्हणून दाखवू?"

"ठमीनं मला काहीही..."

"'मला हे पहिल्यापासून माहीत होतं. तुम्हाला कळायला इतका वेळ लागला. येऊन काय करू? तुमचं तुम्ही निस्तरा.'" दादानं एकेक वाक्य सावकाश म्हटलं. "आई ऐकतेय. तिच्यासमोर सांग, हे तू लिहिलं नाहीस."

धाकट्याचा चेहरा उतरला. वहिनी त्याच्याकडेच बघत होत्या. चोरी पकडली गेल्यावर माणूस असा दिसत नाही, हे त्यांच्या तेव्हाच मनात आलं. जिन्यावर पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसा तो दिसत होता.

"लिहिलं," तो म्हणाला. "पण ते... ते आजारपणाबद्दल नव्हतं."

"मग कशाबद्दल होतं?"

"ठमी कुठाय?"

*

ठमी त्याच वेळी डेपोतून घरी यायला निघाली होती. ती बसगाड्यांची मेकॅनिक. पाच दिवसांत आज पहिल्यांदा कामावर गेली होती आणि अर्ध्या दिवसानं सुपरवायझरनंच तिला परत पाठवलं होतं, कारण एका गाडीच्या ब्रेकचं काम करताना ती पाना हातात धरून दहा मिनिटं नुसती बसून राहिली होती.

काका येणार हे आईनं तिला सकाळी हळूच सांगितलं होतं. तिला तो हवाही होता आणि नकोही. लहानपणी तिचा सगळ्यात आवडता माणूस तो. वेगळे झाल्यावरही बरीच वर्षं दोघांचे मेसेज चालायचे, बाबांच्या नकळत. तिला मराठी बोलता येतं, पण लिहिताना काना-मात्रा कुठल्या कुठे जातात, म्हणून सगळं इंग्रजीत. त्यात त्यांचा एक खेळ होता. दोन देशांत एकच शब्द वेगवेगळ्या अर्थानं वापरला जायचा, ते शब्द शोधायचे. सुरुवात झाली ती काकाच्या फजितीनं. तिकडं गेल्यावर पहिल्याच महिन्यात त्यानं स्टेशनरीच्या दुकानात आपल्या सवयीनं खोडायला 'रबर' मागितलं आणि दुकानातली मुलगी लाजून लाल झाली, कारण तिकडं रबर म्हणजे निरोध. मग ठमीनं लिहिलं, आमच्याकडे 'थाँग्ज' म्हणजे साध्या पट्ट्याच्या चपला, आजी रोज थाँग्ज घालून कचरा टाकायला जाते. तो उलट लिहायचा, आजीला सांग, इकडं येताना तेवढं म्हणू नकोस, इकडं ती बायकांची तोकडी चड्डी. 'पिस्ड' म्हणजे इथे दारू चढलेला आणि तिकडं चिडलेला. त्यावरून ती दोघं आठवडाभर हसत होती. साठ-सत्तर शब्द झाले असतील.

दोन वर्षांपूर्वी बाबांनी तिचा फोन पाहिला. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "जो माझ्या बापाला घाण बोलला त्याच्याशी तू खिदळतेस." त्यानंतर तिनं लिहिणं थांबवलं. अण्णा आजारी पडले तेव्हा मात्र तिला राहवलं नाही.

ती दारातून आत आली तर सगळे उभे होते. आजी तेवढी बसलेली. काकाचे केस पिकले होते.

"ठमे," तो म्हणाला. तिचे डोळे भरून आले, पण ती जागची हलली नाही. त्याचं उत्तर सात आठवडे तिच्या छातीत रुतून बसलं होतं.

"तू आला नाहीस," ती म्हणाली.

"तू मला काय लिहिलं होतंस ते वाच."

"तुझ्याकडे पण आहे."

"मला माहीत आहे. माझ्याकडे आहे, मी शंभर वेळा वाचलंय. पण तू वाच. मोठ्यानं. आणि आईला मराठीत सांग."

तिनं फोन काढला. अंगठ्याला ग्रीस होतं, पडदा उघडेना. पँटला अंगठा पुसून पुन्हा दाबला. मेसेज चार ओळींचा होता. तिनं आधी इंग्रजीत वाचला, मग आजीकडे वळून मराठीत सांगू लागली.

"'काका, अण्णाआजोबा क्रूक आहेत.' म्हणजे आजारी आहेत. 'बरेच महिने होते, पण सगळ्यांपासून लपवत होते. आता उघड झालंय. बाबा तुला सांगणार नाहीत, पण तुला कळायला हवं असं मला वाटलं. येशील का?'"

"पहिलं वाक्य पुन्हा," काका म्हणाला.

"आजोबा क्रूक आहेत."

"क्रूक म्हणजे काय, ठमे?"

"म्हणजे? आजारी. बरं नसलेला. खूपच बरं नसलेला. डेपोत सगळे म्हणतात. माणसाला म्हणतात, इंजिनालाही म्हणतात." बोलता बोलता तिचा आवाज बारीक होत गेला. "काका, तुमच्याकडे काय म्हणतात?"

त्यानं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली.

"चोर," तो म्हणाला. "लबाड. लोकांना फसवणारा. आमच्याकडे त्याला दुसरा अर्थच नाही."

*

तो बोलत होता आणि आपलं बोलणं आपल्यालाच लांबून ऐकू येतंय असं धाकट्याला वाटत होतं.

त्याला तो दिवस आठवत होता. एका स्वयंपाकघराची फरशी तो अर्धी बसवून झाला होता. गुडघ्यावर बसूनच त्यानं फोन पाहिला. अण्णाआजोबा क्रूक आहेत. बरेच महिने सगळ्यांपासून लपवत होते, आता उघड झालंय. त्याला रडू फुटलं होतं. घराच्या मालकिणीनं येऊन पाणी दिलं. अकरा वर्षांत ज्या एका गोष्टीची त्यानं वाट पाहिली ती झाली, असं त्याला वाटलं होतं.

कारण तो शब्द त्याचाच होता. जुन्या गावी टेकडीच्या पायथ्याशी बांधलेली भिंत वर्षभरात सरकली आणि तिच्याखाली एका पहारेकऱ्याचे दोन्ही पाय गेले. चौकशीत निघालं की जमिनीच्या उंचीचे आकडे कोणीतरी बदलले होते. मोजणी अण्णांची होती, नकाशावर सही धाकट्याची. अण्णा चौकशीत म्हणाले, मी दिलेले आकडे बरोबर होते. झालं. धाकट्याची नोकरी गेली, परवाना गेला. पेपरात नाव आलं. घरी येऊन तो भर जेवणात अण्णांना इंग्रजीत "क्रूक" म्हणाला आणि दादानं उठून त्याच्या थोबाडीत दिली. आई म्हणाली, चूक कबूल कर, बापावर ढकलू नकोस. ठमी तेव्हा अकरा वर्षांची, शाळेत गेली होती. तिला यातलं कधी कोणी सांगितलंच नाही.

"मला वाटलं," तो म्हणाला, "तुम्हाला भिंतीचं खरं कळलं. म्हणून ती लिहितेय. मला वाटलं, आता दादा फोन करेल. मी रोज वाट बघत होतो, आई. म्हटलं, आता तरी एकदा माझी माफी मागतील. रागानं लिहिलं ते. तुम्हाला कळायला इतका वेळ लागला, असं."

"आणि दुसरा अर्थ असेल असं मनात आलं नाही?" दादा म्हणाला. त्याच्या आवाजातली धार गेली होती, तरी तो सोडत नव्हता. "ते खेळ खेळत होतात ना दोघं? शब्दांचे?"

"हा शब्द कधी आला नव्हता त्यात." धाकट्यानं ठमीकडे पाहिलं. "इंग्रजीत चोर म्हणायचं तर आधी एक 'अ' लागतो. तो नव्हता. ते मी पाहिलं होतं. म्हटलं मेसेजमध्ये कोण एवढं बघतं."

ठमी मटकन खाली बसली. खुर्ची बाजूलाच होती, पण ती जमिनीवर बसली, डेपोत गाडीखालून निघाल्यावर बसते तशी.

"मी 'आजारी' म्हटलं असतं..." ती म्हणाली. "नुसतं आजारी. ते मला लिहिता येत होतं."

"तुझी काही चूक नाही," वहिनी म्हणाल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो काढून टाकला.

*

आई इतका वेळ गप्प होती. इंग्रजी तिला दुकानापुरतं येत होतं. सात आठवड्यांपूर्वी या घरात काहीतरी येऊन गेलं, त्यावरून आरडाओरडा झाला, आणि ते काय होतं हे तिला आज कळत होतं.

"म्हणजे तुला माहीत नव्हतं," ती धाकट्याला म्हणाली.

"नाही, आई."

"मी तुला सांगितलं नव्हतं."

"नाहीच सांगितलंस."

ती थोरल्याकडे वळली. "ऐकलंस? मी सांगितलं नव्हतं. हॉस्पिटलच्या त्या व्हरांड्यात, लोकांसमोर, तू मला काय काय बोललास? तूच चोरून फोन करतेस, अण्णांचं दुखणं तुला आधीच माहीत होतं, तूच त्याला पहिल्यापासून सांगत होतीस, आम्हाला मात्र नाही. मी शपथ घेतली तरी तू मान हलवलीस. त्या दिवसापासून मी फोनला हात लावला नाही. लावला असता तर एका मिनिटात कळलं असतं याला."

"आई, त्यानं पहिल्यापासून माहीत होतं असं लिहिल्यावर मी काय समजणार?"

"मला विचारायचं होतंस. मराठीत विचारायचं होतंस."

दादानं खाली पाहिलं. वहिनी इतका वेळ मुलीपाशी उभ्या होत्या, त्या आता सासूबाईंच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या. पंचवीस वर्षांच्या संसारात नवरा आणि सासू यांच्या भांडणात त्यांनी कधी सासूची बाजू घेतली नव्हती.

"आणि तुम्ही ते अण्णांना का वाचून दाखवलंत?" त्या म्हणाल्या.

धाकट्यानं झटकन मान वर केली. "अण्णांना? माझं उत्तर?"

"मी तेव्हाही म्हटलं होतं, आजारी माणसाला हे सांगू नका. येतोय म्हणा, विमान मिळत नाही म्हणा. यांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी अण्णांनी ऑपरेशनला नाही म्हटलं. डॉक्टर म्हणत होते, केलं तर दोन-तीन वर्षं सहज मिळतील. आतड्यातली गाठ होती, पसरली नव्हती. अण्णांनी नकाराच्या कागदावर स्वतःच्या हातानं सही केली. आणि मग सहा आठवडे..."

"का वाचलंस?" धाकट्यानं विचारलं. "दादा. का वाचून दाखवलंस?"

*

दादाला उत्तर माहीत होतं. सात आठवडे तेच घेऊन तो झोपत होता आणि उठत होता.

अण्णा रोज विचारायचे. सकाळी तो कामावर जाण्याआधी वॉर्डात गेला की पहिलं वाक्य, "धाकट्याचं काही?" अण्णांची औषधं तो आणायचा, त्यांच्या डायपरची पाकिटं तो उचलून न्यायचा, मालकाकडे हात जोडून सुट्ट्या तो मागायचा. आणि डोळे उघडले की धाकट्याचं काही. ठमीच्या फोनवर ते उत्तर त्यानं पाहिलं तेव्हा राग तर आलाच, पण रागाच्या खाली कुठेतरी त्याला बरं वाटलं होतं. हे वाचून दाखवलं की अण्णा पुन्हा विचारणार नाहीत.

"तुमचा लाडका काय म्हणतोय बघा, असं म्हणून वाचलं," तो म्हणाला. "त्यांना दुखवायलाच वाचलं. झालं समाधान?"

"काय म्हणाले अण्णा?"

दादानं टेबलावरचा एक शर्ट उगाच सरळ केला.

"दादा, काय म्हणाले ते?"

"काही नाही."

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. हा माणूस खोटं बोलताना डाव्या हाताच्या नखांतली भुकटी उजव्या नखानं काढतो. आत्ता तेच करत होता.

"अहो," त्या हलकेच म्हणाल्या. "आता नका. आता काही शिल्लक ठेवू नका."

दादानं खुर्ची ओढली आणि बसला. तो बोलू लागला तेव्हा कोणाकडेच बघत नव्हता.

"सकाळचे साडेसात झाले होते. नर्स नुकतीच चादर बदलून गेली होती. मी वाचलं. ते छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, खरंय त्याचं. त्याला पहिल्यापासून माहीत होतं, तुम्हालाच उशीर झाला. मला वाटलं, आजारपणाचंच बोलतायत. मी विचारलं, त्याला कोणी सांगितलं, आईनं? तर म्हणाले, त्याला कोण कशाला सांगेल? तो माझा सात ओळखतो."

"सात?" ठमीनं विचारलं.

"सातचा आकडा," धाकटा म्हणाला. "मोजणीच्या वहीत. एकाचे सात केले होते ठिकठिकाणी. अण्णांचा सात वरून वाकडा असतो. चौकशीत मी हेच सांगत होतो."

"पुढं म्हणाले," दादा तसाच बोलत राहिला, "आकडे मी बदलले. वरून दबाव होता, भिंत कमी उंचीत बसवायची होती. काही होणार नाही असं वाटलं होतं. मग ते झालं आणि मला तोंड उघडता येईना. एकदा गप्प बसलो आणि मग बसूनच राहिलो. असं म्हणाले. आणि मला विचारलं, तुम्हाला कसं कळलं? सगळ्यांना कळलं का? तुझ्या आईला पण?"

शर्टाची घडी आईच्या हातात तशीच राहिली.

"तू काय सांगितलंस?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काही बोललो नाही, आई. मला बोलताच येईना. अकरा वर्षं मी त्यांच्यासाठी भांडलो, याच्या थोबाडीत मारली. मी तिथून उठून व्हरांड्यात आलो आणि तू तिथं होतीस. समोर तूच सापडलीस, म्हणून तुझ्यावर ओरडलो. त्यांना वाटलं, आपल्या सगळ्यांना कळलंय. मी 'नाही' म्हटलं असतं, 'कोणालाच माहीत नाही, अण्णा, तुम्ही ऑपरेशन करून घ्या' म्हटलं असतं..." तो थांबला. "दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना म्हणाले, आता कोणत्या तोंडानं घरी जाऊ? डॉक्टरला कळलं नाही. मला कळलं."

आई उभी राहिली. टेबलाला धरून उभी राहिली आणि पुन्हा बसली.

"सहा आठवडे," ती म्हणाली. "सहा आठवडे मी रोज हॉस्पिटलात त्यांच्यापाशी जात होते. मी गेले की भिंतीकडे तोंड करायचे. पाणी पाजलं तर डोळे मिटून प्यायचे. मला वाटलं, माझ्यावर रागावलेत. वाटलं, तू त्यांनाही सांगितलं असशील, की मी फोन केला. मला वाटलं, शेवटपर्यंत त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. मीही हट्टानं बोलले नाही. म्हटलं, पन्नास वर्षांत ओळखलं नसेल तर राहू दे." मग ती हातातल्या शर्टाकडे पाहत म्हणाली, "त्यांना माझ्याकडे बघायची लाज वाटत होती."

बाहेर रस्त्यावरून कचऱ्याची गाडी गेली, डबे उचलण्याचा आवाज आला आणि लांब गेला.

"मी बघितलं असतं त्यांच्याकडे," आई म्हणाली. "भिंत असो की काही असो. मी बघितलं असतं. पन्नास वर्षं बघत होते." मग ती धाकट्याकडे वळली. "तुला मी खोटं ठरवलं होतं. चूक कबूल कर म्हणाले होते."

अकरा वर्षं धाकट्यानं हे वाक्य कसं येईल याच्या कल्पना केल्या होत्या. फरशीवर गुडघे टेकून, चुन्याच्या आणि गोंदाच्या वासात, त्यानं या घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी ते घालून पाहिलं होतं. आपण काय उत्तर देऊ तेही ठरवलं होतं, ते दर वर्षी बदलायचं. आत्ता त्याला त्यातलं एकही आठवेना. आई सत्याहत्तर वर्षांची होती आणि अण्णांचा शर्ट अजून तिच्या हातात होता.

"असू दे, आई," तो म्हणाला.

"असू कसं दे?"

"मग काय करू?" त्याचा आवाज चढला आणि फाटला. "काय करू सांग ना. ते मेले. मी म्हटलं, तुमचं तुम्ही निस्तरा, आणि त्यांनी निस्तरलं. मला एवढंच हवं होतं की त्यांनी एकदा म्हणावं. ते म्हणाले आणि याला म्हणाले. आणि मी तिकडं बसून फोनची वाट बघतोय."

दादा उठला आणि त्याच्याकडे एक पाऊल टाकलं. त्याला भावाला जवळ घ्यायचं होतं की माफी मागायची होती, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. धाकट्यानं हात आडवा धरला.

"आत्ता नको, दादा. आत्ता माझ्याजवळ येऊ नकोस."

दादा तिथंच उभा राहिला. वहिनी त्याच्याजवळ गेल्या नाहीत.

*

अर्ध्या तासानं धाकटा मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसला. आत वहिनी आईला आडवं व्हायला सांगत होत्या, आई नको म्हणत होती. दादा गाडी घेऊन कुठेतरी निघून गेला होता. मागच्या अंगणात दोरीवर अण्णांच्या घरातल्या पलंगाची चादर वाळत होती, आणि ती आता कोणी घरात घ्यायची हे कोणी ठरवलेलं नव्हतं.

ठमी बाहेर आली. तिनं हात धुतले होते, पण नखांतलं काळं गेलं नव्हतं. ती एक पायरी सोडून त्याच्या शेजारी बसली.

"कधी जाणार?"

"उद्या. काम अर्धं टाकून आलोय."

"आजीला वाटतंय तू राहशील."

"माहीत आहे."

"आजोबांना मी आठवड्यातून चारदा भेटायचे," ती म्हणाली. "दाढी करून द्यायचे. मला त्यांनी कधी काही सांगितलं नाही. माझ्याकडे बघायचे मात्र. मला वाटायचं, मी त्यांच्या बाजूची आहे म्हणून बघतात. आता वाटतं, मला काहीच माहीत नाही हे त्यांनी ओळखलं होतं. एकट्या माझ्याकडेच बघू शकत होते."

"असेल."

"मी त्यांना विचारलं असतं तर? आजोबा, असं का करताय, ऑपरेशन का नको? मला सांगितलं असतं त्यांनी. मी विचारलं नाही. मला वाटलं, तू येत नाहीस म्हणून. तुझा इतका राग आला होता मला, काका."

त्यानं मान हलवली. तोंड दोन्ही हातांनी चोळलं.

"तुझी काही चूक नाही, ठमे," तो म्हणाला.

तो दोरीवरच्या चादरीकडे बघत होता.

"आई पण तेच म्हणाली. आजी पण म्हणेल." तिनं गुडघे जवळ ओढून घेतले. "तू माझ्याकडे बघून म्हण."

त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं. अकरा वर्षांची असताना जसे होते तसेच तिचे डोळे होते आणि ती वाट बघत होती. तिची चूक नव्हती हे त्याला पक्कं माहीत होतं. एवढं सोपं वाक्य, त्यानं ते म्हणायला तोंड उघडलं. पण त्याला त्या फरशीवर वाचलेली पहिली ओळ दिसत होती, तिनं लिहिलेली, आणि तोंडातून काही निघेना.

ठमी आणखी थोडा वेळ थांबली. मग उठली, दोरीवरची चादर काढली, हातावर घेतली आणि आत गेली.